मामेसासऱ्यांचा दिवाणखाना

मुंबईत सगळ्यात मोठा दिवाणखाना कुणाचा, असं कुणी विचारलं तर मी बेधडक माझ्या मामेसासऱ्यांचं नाव घेईन. लालबागच्या चाळीत एका खोलीत अख्खं खटलं राहायचं तेव्हाही त्यांच्या दिवाणखान्याला गोल खिडक्या, उंच छत आणि लांब दांड्यांचे पंखे होते. तो जवळच्या स्टेशनाचा वेटिंग हॉल होता, ही त्यांच्या लेखी किरकोळ बाब. पाहुणा आला की मामा थर्मास उचलत, त्याचं प्लॅटफॉर्म तिकीट काढत आणि त्याला तिकडे नेत. माझं लग्नही तिथल्याच सागवानी बाकावर ठरलं. मी मुलीकडे बघत होतो आणि मामा मला छत दाखवत होते. "मधे एक खांब नाय, जावयबापू. देश नवा होता, हात राखून बांधायची पद्धत नव्हती." माझा होकार अजून यायचा होता. तेव्हापासून कुणाच्याही वास्तुशांतीला गेले की वर बघून मामांचा शेरा ठरलेला, "बरं हाय, पण दांडी आखूड."

पुढे चाळीचा टॉवर झाला आणि मामांना स्वतःचा हॉल मिळाला. त्यात मामींच्या मालिका सुरू झाल्या, मामा आतल्या खोलीत गेले आणि दोघांचं बोलणं "जेवायला या" आणि "आलो" एवढ्यावर आलं. तशात स्टेशनाची जुनी इमारत पाडणार असं कळलं. मामा कासावीस झाले. मोडायच्या आत एकदा चल, म्हणून मामींच्या मागे लागले. मामी जागच्या हलेनात. "घरात एवढा हॉल असताना स्टेशनात कशाक बसायचं?"

मलाही ते पटलं. तेव्हा मामांनी मला गॅलरीत नेऊन सांगितलं, की नवीन लग्न झालं तेव्हा चाळीत सगळ्यांच्या देखत दोघांना बोलायची सोय नव्हती. म्हणून गिरणीची पहिली पाळी सुटली की दोघं एक पिशवी घेऊन त्या हॉलमध्ये जाऊन बसत, गावाला निघाल्यासारखी. खिडकीतून भाकरीएवढं ऊन फरशीवर पडे, ते भिंतीवर चढेपर्यंत बोलत.

"पिशवीत काय असायचं?"

"उशी," मामा म्हणाले. "रिकामी पिशवी बघून कोण बसू देतो?"

हॉल बंद व्हायच्या दिवशी मामा एकटेच निघाले, सोबत मी. बाकावर टेकतो तोच मामी आल्या. हातात फुगलेली पिशवी. मामांनी ती नुसती चाचपून पाहिली आणि सरकून जागा केली. मालिकेत काय चाललंय हे मामी त्यांना पहिल्यापासून सांगू लागल्या आणि मामा मान डोलावत ऐकत होते. मला त्या दोघांचा हेवा वाटला. जरा वेळाने मी म्हटलं, "निघायचं का?"

मामींनी पिशवी मांडीवर घेतली. "तुम्ही व्हा पुढे, जावयबापू. आमची गाडी यायची हाय अजून."