तिसरा प्लग ओला होता

माझं डोंगरातलं शेवटचं पोस्टिंग एका इन्फन्ट्री बटालियनच्या एलएडीत होतं. एलएडी म्हणजे युनिटसोबत राहणारी छोटी वर्कशॉप. मी हवालदार, व्हेईकल मेकॅनिक. लोक विचारतात, फौजेत काय केलं, गोळी चालवली का? नाही बाबा. मी वीस वर्षं गाड्यांच्या धुराकडे पाहत उभा राहिलो. त्यातल्या एका धुराकडे नीट पाहिलं नाही, त्याची ही हकिगत. ती रनाळ्याच्या एका बापाला सांगायला मला आठ वर्षं लागली.

लान्स नाईक भटू रनाळ्याचा. मी शहादा तालुक्यातला, तापीकाठचा गुजर. आमच्या घरची बोली वेगळी, पण सगळ्या युनिटमध्ये नंदुरबारकडचे आम्ही दोघेच. अहिराणीत चार शब्द बोलायला मिळाले की दोघांनाही बरं वाटायचं. तो मला रमणभाऊ म्हणायचा. पेट्रोल जीप चालवायचा. सत्तावीस वर्षांचा, अंगाने बारीक आणि गाडीच्या बाबतीत भलताच मानी. त्याच्या जीपला दुसऱ्या कोणी फडकं मारलेलंही त्याला खपायचं नाही.

रोज ०६०० ला फर्स्ट परेड. ड्रायव्हरने तेल, पाणी, बॅटरी, टायर पाहायचे आणि लॉगबुकात लिहायचं. तेल घातलं तर किती, तेही लिहायचं. गाडी बिघडलेली निघाली की ती व्हीओआर, म्हणजे रस्त्यावरून बाद. मग ड्रायव्हरही तिच्यासोबत अडकून पडतो. भटूची जीप दोन वर्षांत एकदाही व्हीओआर झाली नव्हती. हे तो जेवतानासुद्धा ऐकवायचा, आणि आम्ही त्याला चिडवायचो की लग्न जीपशीच लाव.

नोव्हेंबर होता. खिंड बंद व्हायला थोडेच दिवस राहिले होते. भटूची रजा मंजूर झाली होती. तो जीप घेऊन कॉन्व्हॉयसोबत खाली उतरणार, जीप बेसला जमा करणार आणि तिथून घरी. जीप अडली असती तर तोही अडला असता, थेट बर्फ वितळेपर्यंत. निघायच्या आदल्या दिवशी ०६१० ला त्याने जीप चालू केली आणि एक्झॉस्टमधून निळा धूर आला.

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पांढरा म्हणजे बहुतेक पाणी. निळा म्हणजे इंजिन तेल जाळतंय, यात वाद नाही. प्रश्न एवढाच, की तेल वरून उतरतंय की खालून चढतंय. वरून म्हणजे व्हॉल्व्हचे सील थकले. थंड इंजिन चालू करताना धूर येतो आणि थोड्या वेळात थांबतो. अशी गाडी महिनाभर रेटता येते. खालून म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या. चढावर जोर पडला की धूर वाढतो. ती गाडी डोंगरात न्यायची नसते.

भटूच्या जीपचा धूर दोन मिनिटांत थांबला. डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, फुल. लॉगबुकात महिनाभरात तेल घातल्याची एकही नोंद नाही.

"मन्ही गाडी तेल खास नही, भाऊ," तो म्हणाला. तेल खातच नाही म्हणे.

तरी मी चारही प्लग काढले. तीन कोरडे होते. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग काळा आणि तेलाने ओला. इथे सिलिंडरमधला दाब मोजायला कॉम्प्रेशन गेज लावायचा असतो. रिंग गेली असेल तर दाब कमी भरतो. वीस मिनिटांचं काम, आणि गेज हाताशी होता. मी भटूकडे पाहिलं. तो जीपशेजारी नुसता उभा होता. गेजच्या काट्याने कमी दाखवलं असतं तर मला व्हीओआर लिहावं लागलं असतं. मी प्लग पुसला आणि परत बसवला. सीलचं काम आहे, रजेवरून आल्यावर बदलू, असं म्हणालो आणि फिट म्हणून सही केली. मी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. त्याला दुसरा शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी कॉन्व्हॉय ०७०० ला निघाला. भटूची जीप शेवटून दुसरी. तिच्यामागे अँब्युलन्स, आत एक आजारी जवान. खिंडीपलीकडे दरडी कोसळण्याची जागा आहे. तिथे कोणत्याही कारणाने थांबायचं नाही, अशी कायमची ऑर्डर. मी वर्कशॉपमध्ये रेडिओजवळ होतो. ०९४० ला आवाज आला.

"वन व्हेईकल डाउन इन स्लाइड एरिया. इंजिन सीज्ड. ओव्हर."

"कौन सी गाडी? ओव्हर."

"भटू की जीप."

सीज्ड म्हणजे इंजिन आतून जाम, बहुतेक तेल संपून. पुढचं मला अँब्युलन्सच्या ड्रायव्हरने सांगितलं. रस्ता एका गाडीचा. अँब्युलन्स मागे अडकलेली. भटूने जीपमधल्या दोघांना पुढे पळवलं, जीप न्यूट्रलला टाकली आणि बाहेरून स्टिअरिंग धरून एकट्याने कडेला ढकलली. अँब्युलन्स निघून गेली. ०९५२ ला वरून दगड आले आणि भटू त्यांच्याखाली गेला. अँब्युलन्समधला जवान वाचला. त्याला आता दोन मुलं आहेत.

जीपचं इंजिन मीच उघडलं. तिसऱ्या पिस्टनची रिंग तुटलेली. खिंडीच्या चढावर होतं नव्हतं ते तेल जळून आणि बाहेर फेकलं जाऊन संपलेलं. सीटखाली तेलाचा डबा मिळाला, जवळपास रिकामा. तेव्हा उलगडा झाला. भटू रोज संध्याकाळी कोणी नसताना तेल घालायचा आणि लिहायचा नाही. सकाळी परेडला डिपस्टिक फुल. आधी गाडीला बट्टा लागू नये म्हणून, आणि शेवटी रजा हुकू नये म्हणून.

डबा मी कोणाला दाखवला नाही. मेलेल्या पोरावर ठपका नको, असं मनाला सांगितलं. खरं तर माझीही कातडी वाचत होती. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी सांगितलं की धूर सीलचा वाटला. प्लगचं कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. कारण लिहिलं गेलं, दरड.

पेन्शनीवर आलो आणि म्हसावदला गॅरेज टाकलं. भटू गेला त्या तारखेला दर वर्षी रनाळ्याला जायचो. त्याचे वडील, देवराम अप्पा, पिकापाण्याचं बोलायचे. सांगायचंच असं ठरवून जायचो आणि चहा पिऊन तसाच परत यायचो.

यंदा जानेवारीत अप्पांचाच फोन आला. भटूने एका रजेत घेतलेली जुनी पेट्रोल कार त्यांच्या दारात उभी असते. चालवत कोणी नाही.

"भटूनी गाडी निळा धूर सोडी ऱ्हायनी," अप्पा म्हणाले. "देखी जाय."

दुपारी दोनला पोचलो. शेजारच्या मोकळ्या जागेत मिरच्या वाळत पडल्या होत्या. एक्झॉस्टला नाक लावलं तर तेलाच्या वासाआधी ठसकाच लागला. गाडी चालू केली. धूर निळाच, आणि इंजिन गरम झालं तरी थांबेना. म्हणजे नुसते सील नव्हेत. प्लग काढले आणि गेज लावला, चारही सिलिंडरला, एकेक करून. अप्पा म्हणाले, एवढा वेळ कशाला लागतो? लागतो, म्हणालो. काटा चारही वेळा चांगला चढला. रिंगा शाबूत.

मग पाणी मुरतंय कुठे? अप्पांना विचारलं, तेल बघता का. ते जवळजवळ रागावलेच. रोज बघतात म्हणे. भटूनेच शिकवलं होतं, सकाळी उठून फर्स्ट परेड. ते रोज दहा मिनिटं गाडी चालू ठेवतात, बंद करतात आणि त्याच क्षणी पट्टी उपसतात. त्या वेळी तेल वरच अडकलेलं असतं, पट्टीवर कमी दिसतं. मग तेवढं घालतात. शिवाय रोज एक झाकण जास्तीचं, पोराच्या गाडीला कमी पडू नये म्हणून. आठ वर्षांचा नेम. निम्मं जळायचं, निम्मं साठायचं.

तासभर गाडी तशीच ठेवली आणि पट्टी पाहिली. तेल खुणेच्या दोन बोटं वर. खालचा नट काढून जास्तीचं तेल घमेल्यात सोडलं. परत चालू केली. आधी थोडा धूर आला, मग विरळ झाला, मग थांबला. अप्पा एक्झॉस्टसमोर उकिडवे बसून पाहत होते.

"म्हंजे मीज बिघाडी," ते म्हणाले.

मी म्हणालो, नाही अप्पा, काही बिघडलं नाही. पण त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. एक झाकण तेलापायी हा माणूस स्वतःला दोष देत होता, आणि मी शहाण्यासारखा हात पुसत उभा होतो. मला माझीच किळस आली.

"अप्पा, भटूनी जीपले बी असाज धूर व्हता," मी म्हणालो. "मी देखा. तरी पास करी."

मग सगळं सांगितलं. ओला प्लग, न लावलेला गेज, सही, सीटखालचा डबा. अप्पा उठले नाहीत. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी विचारलं, तो रजेसाठी लपवत होता का? हो म्हणालो. ते घमेल्यातल्या तेलाकडे पाहत राहिले.

"डबानं त्यानी मायले सांगू नको," एवढंच बोलले.

भटूची आई चहा घेऊन बाहेर आली. धूर गेलेला पाहून तिला बरं वाटलं. अप्पांकडे पाहून म्हणाली, मी सांगत होते ना, भटूची गाडी आहे, तिला काही होत नाही. मग माझ्याकडे वळली.

"तो सांगे, मन्ही गाडी कधीज बंद पडनी नही. खरं ना, रमणभाऊ?"

अप्पांनी कप खाली ठेवला.

"खरं शे, माय," मी म्हणालो. "कधीज नही."

निघताना अप्पा बाहेर सोडायला आले नाहीत. माफ केलं असंही म्हणाले नाहीत, आणि मी ते मागितलंही नाही.

भटू आठवला की मला दरड आठवत नाही. ती मी पाहिलीच नाही. मला तो जीपशेजारी गप्प उभा राहिलेला दिसतो. मी गेज लावला असता तर त्याची रजा गेली असती आणि तो हिवाळाभर माझ्याशी बोलला नसता. एवढंच झालं असतं.