आपल्यात कसला मेल

त्या माणसाला मी दादा म्हणायचे, याचा मला आजही संताप येतो.

लखनौला गोमती नगरातल्या आमच्या ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. तो बारा वर्षांपासून तिथलं नेटवर्क सांभाळत होता. मी सॉफ्टवेअरवाली, नवी, प्रोबेशनवर, आणि ते महिनाअखेरीस संपत होतं. नवरा एअर फोर्समध्ये, त्यामुळे चार गावांत चार नोकऱ्या सोडून झालेल्या. या वेळी मात्र ठरवलं होतं, पर्मनंट झाले तर पुढच्या बदलीला तो एकटा जाईल, मी आणि मुलगी इथेच राहू. हे ऑफिसात मी फक्त दादाला सांगितलं होतं.

आमची कंपनी औषधं पुरवायची. चिनहटच्या गोदामातून गाडी निघायची तर आमचं सॉफ्टवेअर वाहतूक कंपनीच्या सर्व्हरकडे बिल्टीचा, म्हणजे मालाच्या वाहतूक-पावतीचा, नंबर मागायचं. नंबर आला की गाडी हलायची. त्या कंपनीने कळवलं, सोमवारपासून त्यांच्या सर्व्हरचे पत्ते बदलणार. नवे पत्ते आमच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या फाटकावर, नोंदवायचे, एवढंच काम. फाटक दादाच्या ताब्यात. मी कागदावर पत्ते लिहून त्याच्या हातात नेऊन दिले. दुसऱ्या कुणाला मी मेल केल्याशिवाय साधा पासवर्डसुद्धा बदलायला सांगितला नसता. पण हा म्हणाला, "अगं, आपल्यात कसला मेल? झालं समज." आणि मी बावळट, समजले!

सोमवारी सकाळी एकही नंबर येईना. स्क्रीनभर टाइमआउट. गोदामातून फोनवर फोन, "मैडम, सब गाड़ियाँ खड़ी हैं." मी एकेक तपासत गेले. त्यांच्या सर्व्हरवर शिरायचं टोकन चालू होतं. सर्टिफिकेटची मुदत संपलेली नव्हती. वाहतूक कंपनीवाले म्हणाले, तुमची मागणी आमच्यापर्यंत पोचतच नाही. मग मी लॅपटॉप ऑफिसच्या नेटवरून काढून माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडला आणि तीच मागणी पुन्हा पाठवली. क्षणात नंबर आला. म्हणजे आमचंच फाटक बंद होतं.

धावत दादाकडे गेले. आरामात चहा पीत होता. "दादा, ते पत्ते टाकलेत ना?" त्याने कपाळावर हात मारला, "अरे देवा, राहिलंच की गं!" दोन मिनिटांत टाकले. गाड्या सुटल्या. खरं सांगते, तेव्हा मला रागही आला नाही. माणूस आहे, विसरतो.

दुपारी साहेबांनी आम्हाला बोलावलं. मी तोंड उघडायच्या आत हा म्हणाला, "सर, मैडम ने मुझे बताया ही नहीं. बताया हो तो मेल दिखा दें."

साहेबांनी विचारलं, "मैडम, लिखित में कुछ है?" काय दाखवणार, कपाळ! कागद दिला होता, तोंडी सांगितलं होतं, असं मी तीन-तीनदा सांगितलं. माझं मलाच ते पोरकट वाटायला लागलं. साहेब फार सभ्यपणे म्हणाले, महिनाअखेरीनंतर येऊ नका.

जिन्यात मी त्याला गाठलं. "का केलंत असं?"

तो चक्क हळू, समजुतीच्या आवाजात बोलायला लागला. "हे बघ, मुलगा इंजिनिअरिंगला आहे. मला या वयात कोण घेणार? तुझं काय, आज ना उद्या बदली होणारच. साहेबांनाही मी तेच सांगितलं."

"मी इथेच राहणार होते. तुम्हाला माहीत होतं ते!"

"अगं, असं सगळ्याच म्हणतात. शेवटी जातात नवऱ्याबरोबर."

हात उचलावासा वाटला. नाही उचलला, याची मला अजून चुटपुट लागते.

नवऱ्याची बदली पुढे दोन वर्षं आली नाही. ती दोन वर्षं मी लखनौमध्येच होते, घरी.