गुरुजींनी कमी केलेलं एक वर्ष

टेंभुर्णीपासून तासभर पायी गेलं की आमची वाडी लागते. तिथल्या शाळेत अप्पाराव खरात गुरुजी मुख्याध्यापक होते आणि मी दुसरी-तिसरीला शिकवत होते. गुरुजींना कागदावरचा रिकामा रकाना बघवत नसे. कुणाचा अर्ज अर्धवट दिसला की लगेच पेन काढून भरून द्यायचे. लोक त्यांच्याकडे यायचे ते त्यासाठीच.

बहात्तरच्या दुष्काळानंतर आमच्याकडे तलावाच्या कामावर परदेशातली सहा पोरंपोरी येऊन राहिली होती. पगार न घेता माती उपसायची, हाताला फोड आले की फडकं गुंडाळायची, अन पुन्हा पाटी उचलायची. त्यांची सोय गुरुजींनी पाहिली होती. त्यांना धाडणाऱ्या मुंबईच्या संस्थेनं पंच्याहत्तरच्या जानेवारीत गुरुजींना मराठीतून पत्र घातलं. आता तुमच्याकडची तीन तरुण मुलं आमच्यातर्फे जर्मनीला जाऊ देत, असं त्यात होतं. दीड महिना एका अनाथाश्रमाची दुरुस्ती करायची. जाण्यायेण्याचं संस्था बघेल. वय मात्र अठरा पूर्ण पाहिजे.

गुरुजी घरोघर फिरले. चहाच्या टपरीवर तातेरावानं त्यांना गाठलंच.

"गुरुजी, आपल्या वाडीची मोरी तुंबून राह्यली, ती उपसायला कोणी न्हाई. अन तुम्ही पोरं जर्मनीला खड्डे खणायला धाडून राह्यले?"

"ते आल्ते की न्हाई आपल्याकडं? मंग आपण जायचं का न्हाई?"

"पगार काय?"

"पगार न्हाई."

"बिलकुल न्हाई?" तातेरावानं कपाळाला हात लावला. "मंग माझ्या सासऱ्यालाच न्या. त्यो बी आयुष्यभर फुकटच राबला."

सगळे हसले. गुरुजीही हसले, पण तीन अर्ज भरूनच घरी आले. संपत, मच्छिंद्र आणि चांगुणाबाईची केशर. केशर मॅट्रिक झालेली, धीट मुलगी. तलावाच्या कामावर त्या परदेशी मुलींबरोबर तीच जास्त बोलायची, हातवारे करून. तिचे वडील भिवा वारून चार वर्षं झाली होती. मामानं तिच्यासाठी परतूरचं स्थळ बघून ठेवलं होतं. यंदा गेली तर गेली, पुढच्या साली ती इथं नसणार, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

फेब्रुवारीत मुंबईहून उत्तर आलं. गुरुजींनी ते वाचलं आणि माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. आत येईनात.

"दुर्गाबाई, जरा वाचा बरं. मी बराबर वाचलं का बघा."

पत्रात दोन गोष्टी होत्या. एक, तिन्ही मुलांची जन्मतारीख एक जून कशी, याचा खुलासा करावा. दुसरी, कुमारी केशर हिचा जन्म अठ्ठावन्न सालचा, म्हणजे तिला अठरा पूर्ण होत नाहीत. महिनाअखेरपर्यंत समाधानकारक उत्तर न आल्यास तिची जागा दुसऱ्या गावाला देण्यात येईल.

आता एक जूनचं गुपित आमच्याकडच्या कुठल्याही मास्तराला विचारा. आईबाप लेकरू घेऊन शाळेत येतात, तारीख कुणाला सांगता येत नाही. शाळा जूनमध्ये उघडते, म्हणून मास्तर एक जून टाकतात आणि लेकराकडं बघून साल टाकतात. मीही टाकलेत. त्यातही गुरुजींची एक माया होती. पुढं नोकरीला वयाची अट आड येऊ नये म्हणून ते एक वर्ष कमी लिहायचे. अर्ध्या वाडीला त्यांनी असं एकेक वर्ष देऊन टाकलं होतं.

"खुलासा लिहू की आपण," मी म्हटलं. "अंदाजानं लिहिलं, चूक झाली. एवढंच."

"केशरचं अंदाजानं न्हाई लिहिलं." गुरुजी बाकावर टेकले. "छप्पनच्या दसऱ्याला आम्ही नागपूरला दीक्षेला गेल्तो. मी अन भिवा एकाच डब्यात होतो. चांगुणाबाईला सातवा महिना, म्हणून ती आली न्हाई. सारी वाट भिवा एकच बोलत होता, माझं लेकरू दीक्षा घेतलेल्या बापाच्या घरी जन्माला येणार. पुढं पौषात, सत्तावन साल लागल्यावर, केशर झाली. मला तारीख न्हाई माहीत, पण साल माहीत होतं. त्या दसऱ्याचं साल आमच्यात कोण विसरंल? अन नाव दाखल करताना मी अठ्ठावन लिहिलं."

त्यांची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. चुकीची नोंद आणि जाणूनबुजून केलेली खोटी नोंद यातला फरक त्यांना माझ्यापेक्षा चांगला कळत होता.

चार दिवस ते शाळेत यायचे, हजेरी घ्यायचे, अन मधूनच हजेरी थांबवून खिडकीबाहेर बघत बसायचे. केशर रोज मधल्या सुट्टीत यायची.

"गुरुजी, उत्तर धाडलं का?"

"धाडतो, बाळ."

पाचव्या दिवशी ती म्हणाली, "जमत नसलं तर सांगून टाका, गुरुजी. मी रडणार न्हाई. पण रोज रोज असं धाडतो म्हणू नका."

त्या संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना मी गुरुजींसाठी मागणं मागितलं. काय मागावं ते मात्र नीट कळलं नाही. त्यांची नोकरी वाचावी असं म्हणू, की त्यांनी खरं लिहावं असं म्हणू? देवाला म्हटलं, तुला कळतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली. चांगुणाबाईला घेऊन तालुक्याच्या कचेरीत केशरच्या वयाचं प्रतिज्ञापत्र करायला निघाले. बाईमाणूस सोबत असावं म्हणून मलाही नेलं. एसटीत चांगुणाबाई सारखी विचारत होती, "साहेब लई रागीट हाय का हो? मी चुकले तर पोरीला धरत्यान का?"

कारकुनानं कागद पुढं ओढला. "मुलीची जन्मतारीख?"

"दीक्षेच्या दसऱ्याला मला सातवा होता," चांगुणाबाई म्हणाली.

"बाई, तारीख सांगा. दसरा नको."

"तुमच्या आईनं तारीख बघून तुम्हाला जन्म दिल्ता का?"

कारकून हसला, पण पेन थांबवून ठेवलं. "शाळेच्या दाखल्यावर अठ्ठावन्न आहे. तुम्ही छप्पन्नचा दसरा सांगताय. दाखला खोटा म्हणायचा का?"

चांगुणाबाईनं गुरुजींकडं बघितलं. तिच्या कपाळावर घाम होता. गुरुजी उठले, कोटाची बटणं नीट केली.

"खोटा आहे. मी लिहिला. मला खरं माहीत होतं."

"गुरुजी," कारकून आवाज खाली आणून म्हणाला, "सरकारी नोकर आहात. अंदाज होता असं लिहितो ना मी. कोण विचारतंय?"

मीही तेच मनात म्हणत होते. एका शब्दाचं काम होतं.

"अंदाज लिहिलं तर त्या बाईचा शब्द बी अंदाजच होईल," गुरुजी म्हणाले. "मी सांगितलं तसं लिहा."

कारकुनानं लिहिलं. गुरुजींनी सही केली, खाली हुद्दा घातला. चांगुणाबाईनं अंगठा दिला आणि शाई पदराला पुसली. ती नक्कल मुंबईला गेली, आणि एक शिक्षणखात्याच्या वरच्या कचेरीतही पोचली. दिवाळीच्या आधी गुरुजींना लेखी खुलासा द्यावा लागला, पुढं वर्षभर ते त्या धास्तीत होते. पण त्याआधीच, मार्चमध्ये, मुंबईचं कार्ड आलं. तिकडच्या लोकांनी आईची साक्ष मान्य केली होती. पासपोर्ट दाखल्याप्रमाणेच निघेल, तिकडच्या कामाच्या यादीत मात्र केशरचं वय अठरा धरलं जाईल.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तिघं निघाली. जालन्याच्या स्टेशनावर आम्ही पोचवायला गेलो. चांगुणाबाईनं फडक्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. संपत सारखं तिकीट चाचपत होता, मच्छिंद्र खिडकीची जागा सोडत नव्हता. केशर आईच्या पाया पडली, मग गुरुजींच्या. गाडी हलली तशी ती दारात उभी राहून हात करत राहिली, आणि मग दिसेनाशी झाली.

फलाट रिकामा झाला. चांगुणाबाई जागची हलेना.

"गुरुजी, ती तिकडं बराबर पोचली, हे आपल्याला कवा कळंल?"

गुरुजींनी खिशातल्या पेनाला हात लावला आणि पेन न काढताच हात मागं घेतला.

"मला न्हाई माहीत, चांगुणाबाई," ते म्हणाले.

ती तिथंच बाकावर बसली. थोड्या वेळानं गुरुजीही तिच्या शेजारी बसले. टेंभुर्णीची एसटी सुटायला अजून अवकाश होता.