बिनखिळ्याची लॅब

संशोधनाचं एक बरं असतं. वर्षभर राबून हाती लागतं ते दोन पानांत मावतं, पण त्यापायी घडलेले किस्से सांगायला बसलं की चहा तीनदा गरम करावा लागतो! आमच्या लॅबचं तर विचारूच नका.

आमची लॅब म्हणजे भोईर सरांच्या शेतावरचं कुडाचं घर. सर आणि मी, दोघंही शहापूरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मुंबईच्या एका मोठ्या संस्थेकडून यंत्रं मागून आणली आणि तिथं बस्तान बसवलं. काचेच्या नळीत रुबिडियमची वाफ, तिच्यातून लेझर सोडायचा. एरवी वाफ तो प्रकाश गिळते. पण भोवतीचं चुंबकी क्षेत्र पार शून्याजवळ आणलं, की अणूपुढचे दोन रस्ते एकमेकांना खोडतात, यालाच इंटरफेरन्स म्हणतात, आणि प्रकाश आरपार जातो. पडद्यावर तेव्हा एक बारीक उभी रेघ उमटते. त्या रेघेपायी आमचा जीव टांगणीला! साधा विळा जवळ आला तरी ती सरकायची.

*

म्हणून घरात लोखंड बंद. कारवीचा कूड, शेणाचं सारवण, बांबू दोरीनं बांधलेले. सुतार पिशवीभर खिळे घेऊन आला, तर सरांनी त्याला दारातच अडवलं.

"सर, लॅब बांधताव का लग्नाचा मांडव?"

"मांडवच समज. नवरी फार रुसकी आहे!"

आत येणाऱ्यानं चाव्या, कोयता, पट्टा, सगळं लांब चिंचेखाली ठेवायचं. आमचे प्राचार्य आले, तेही पट्टा काढून. अर्धा तास एका हातानं पँट धरून त्यांनी सगळं ऐकलं. निघताना म्हणाले, "भोईर, इंटरफेरन्स कळला. टाळी मात्र बाहेर गेल्यावर वाजवतो!"

*

कूड सारवायला सरांची चुलती यायची, जनाकाकू. सर कॉलेजात कितीही मोठे असोत, तिला ते रामाच. एकदा तिनं विचारलं, "रामा, दोन रस्ते हायेत आनि अणू जात कुठंच नाय? असा कसा रे?"

सर खडू शोधायला लागले, तोवर काकूच म्हणाली, "समजला, समजला! आमी दोघी जावा एका टायमाला बोलाया लागलो, का तुजा काका उठून अंगनात जातो. कुनाचाच आयकू येत नाय त्याला!"

सरांनी हेच उदाहरण वर्गात दिलं. परीक्षेत निम्म्या पोरांनी दोन जावा लिहिल्या! बाहेरून आलेला परीक्षक चक्रावला. "हा कुठल्या पुस्तकातला सिद्धांत?"

सर ताठ मानेनं म्हणाले, "आमच्या घरातला!"

*

रोज ठरावीक वेळेला रेघ किंचित सरकायची. आठवडाभर डोकं खाजवलं, तेव्हा कळलं, फाट्यावर एसटी गावाकडे वळली की तिच्या लोखंडानं हा प्रताप होतो. ही बातमी गावात फुटायला किती वेळ लागणार? दुसऱ्या दिवसापासून मुरबाडला जाणारी माणसं चिंचेखाली येऊन बसायला लागली.

"मास्तर, रेघ हालली का नाय?"

"नाही अजून."

"मंग एक पान खातो!"

*

आता शेवटचं. आमची खरी वैरीण वीज. गावच्या तारांतून ती वाहत असली की रेघ थरथरून पार फिसकटायची. म्हणून आम्ही लोडशेडिंगची वाट बघायचो. अख्खं गाव वीजवाल्यांच्या नावानं बोटं मोडत असायचं आणि आम्ही खुशीत ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या जोडायचो.

अशात मुंबईच्या संस्थेचे मोठे साहेब यायचं ठरलं. "झोपडीत कसलं संशोधन? रेघ दाखवा, नाहीतर यंत्रं परत द्या," असा निरोप होता. यंत्रं गेली असती तर सरांची इतक्या वर्षांची मेहनत मातीत जाणार होती. आम्ही मुद्दाम लोडशेडिंगची वेळ दिली.

साहेब आले. पट्टा काढताना कपाळाला आठी. आम्ही पडद्याकडे बघतो, तर रेघेचा नुसता केरसुणीसारखा झुपका! तेवढ्यात सरपंच हसत दारात. "सर, मी सोता जाऊन वीजवाल्यांना सांगितला. पावने येनार, आज लाइट जानार नाय! गावाच्या अब्रूचा सवाल हाय!"

सरांनी कपाळावर हात मारला. साहेबांनी घड्याळासाठी मनगट पाहिलं. घड्याळ चिंचेखाली होतं.

काकू पितळी पेल्यांत चहा घेऊन आली होती. "काय झाला रे रामा?"

"काकू, घराघरातनं वीज वाहतेय तोवर रेघ दिसायची नाही."

काकूनं पेले तिथंच ठेवले आणि पदर खोचून निघाली. त्या दिवशी भारताची मॅच होती, शेवटच्या ओव्हरी चाललेल्या. बाहेरून तिचा आवाज येत होता. "बंद करा रे! आपल्या रामाची परीक्षा हाय!"

पडद्यावर झुपका एकदम अर्धा झाला. भाताची गिरणी थांबली! मग विहिरीवरचा पंप. मग एकेक घर. झुपका विरत गेला, विरत गेला, आणि शेवटी थोडीशी थरथर उरली. ती काही जाईना.

सर मान न वळवता म्हणाले, "सरपंच, तुमचा टीव्ही."

सरपंच धोतर सावरत पळाले. आणि रेघ उभी राहिली. बारीक, स्वच्छ, जराही न हलणारी. सरांनी डोळे पुसले ते सगळ्यांनी पाहिलं.

साहेबांनी पडद्याजवळ वाकून रेघ दोनदा तपासली. मग बाहेर आले, चिंचेखाली जाऊन त्यांनी पट्टा बांधला. "भोईर, असा सिग्नल मी आमच्याकडे पाहिलेला नाही. ही यंत्रं मुंबईला चांगल्या बिल्डिंगमध्ये ठेवली तर..."

गार झालेला चहा काकूनं त्यांच्या हातात दिला.

"न्या ना, सायेब. पन मुंबईत मॅच चालू असली, मंग टीव्ही बंद कराया दारोदार कोन जाईल?"