गाठ प्लेगची नव्हती

पुण्याच्या इस्पितळात डॉक्टरांनी माझ्या बायकोच्या, यशोदेच्या, रक्ताचा थेंब काचेवर घेऊन तपासला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "ल्युकेमिया आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्यात. यावर खात्रीचा इलाज आमच्याकडे नाही."

कशानं झाला, मी विचारलं.

"ते अजून आम्हालाही कळलेलं नाही. पण एकाचा दुसऱ्याला लागलेला मी कधी पाहिला नाही."

यशोदा बाकावरून पुढं वाकली. "मंग डॉक्टरसायब, पोरीला जवळ घिऊ का?"

"खुशाल घ्या."

मला मान वर करवेना. पोरीला तिच्यापासून तोडलं होतं ते मीच.

आमचं गाव पासली. चार बुकं शिकलेला म्हणून लोक मलाच विचारायचे. भाद्रपदात यशोदेला ताप आला, काखेत गाठ आली. काखेत गाठ म्हणजे प्लेग, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. प्लेगात आधी उंदीर मरून पडतात. गावात एकही पडला नव्हता, पण या शहाण्याला ते सुचलं नाही. मी भातखाचराच्या कडेला खोप घातली, तिला तिथं ठेवलं, ताट दुरूनच सरकवू लागलो. पाच वर्षांच्या सोनीला बजावलं, "आईजवळ गेलीस तर तुला बी गाठ यील."

प्लेगाचा माणूस आठवडाभरात जातो. पंधरा दिवस झाले तरी यशोदा होती. फक्त पांढरीफटक पडत चालली होती आणि हिरड्यांतून रक्त येत होतं. तेव्हा कुठं माझं डोकं चाललं. बैलगाडी जुंपून भोरचा दवाखाना गाठला. तिथून त्यांनी पुण्याला धाडलं.

परतल्यावर मी तिला थेट घरात आणलं. माझी आई कडाडली, "लेका, समद्यांस्नी मारशील!" मी यशोदेच्या ताटातली अर्धी भाकरी उचलली आणि आईच्या देखत खाल्ली.

सोनी मात्र दारातच थबकली. "नगं. मला गाठ यील."

मी समजावलं, रागावलो, गुळाचा खडा दाखवला. यशोदा म्हणाली, "वरडू नगा तिला. तुमीच शिकीवलंय न्हवं?"

खरंच होतं. आजार कुणाला लागला नाही, माझं भय मात्र पोरीला लागलं. तिनं आईकडं दारातूनच बघावं, असे नऊ दिवस गेले. ते मला अजून सलतात. तुमच्या घरी असं दुखणं आलं तर आधी जाणत्याला विचारा, मग माणूस वेगळं काढा.

दहाव्या दिवशी सोनी फणी घेऊन आली आणि आईकडं पाठ करून बसली. "येणी घाल."

यशोदेच्या हातांत जोर नव्हता. निम्मी सकाळ गेली. पोर जागची हलली नाही.

हा आजार कशानं होतो, मला आजही ठाऊक नाही. त्या डॉक्टरांकडं औषध नव्हतं, तरी त्यांचे उपकार मी विसरणार नाही. मार्गशीर्षात यशोदा गेली, तेव्हा सोनी तिच्या कुशीत झोपली होती.