लॉर्डसाहेबांचा पहिला पाहुणा

कर्स्टीचा फोन आला तेव्हा मी कासलबारच्या आमच्या प्लांटच्या कँटीनमध्ये डबा उघडत होतो. "डॅड सकाळी गेले," ती म्हणाली. "झोपेतच. चेहरा अगदी ग्रँड दिसतोय." मी बाहेर जाऊन गाडीत बसलो. आधी हसू आलं, मग रडू... हेमिशची आठवण आली की अजूनही याच क्रमानं होतं.

हेमिश म्हणजे स्कॉटलंडमधल्या ग्लेनफाऱ्याचे लॉर्ड आणि आमचे घरमालक. लॉर्ड म्हटलं की डोळ्यांपुढे किल्ला येतो. तो होताही, पण त्यांच्या आजोबांच्या काळातच हातचा गेला. आता तिथं हॉटेल आहे. हेमिश एकदा तिथं चहा पिऊन आले आणि "स्कोन शिळे होते" एवढंच म्हणाले. "आमच्या घराण्यानं प्रत्येक लढाईत हरणारीच बाजू निवडली," हे मात्र अभिमानानं सांगायचे. तरुणपणी नोरा नावाच्या लाल केसांच्या आयरिश मुलीच्या प्रेमात पडून ते इकडे आयर्लंडमधल्या मेयोत, तिच्या वडिलांच्या शेतावर राहायला आले आणि इथलेच झाले. कोपरावर भोक पडलेला स्वेटर, गमबूट आणि कोंबड्या. कोंबड्यांना त्यांनी आपल्या पणज्या-खापरपणज्यांची नावं दिली होती. "लेडी मार्गारेट रुसली आहे, आज अंडं नाही," असं गंभीरपणे सांगत. गावात त्यांना कुणी लॉर्ड म्हणत नसे. माझी आई मात्र नागपूरहून आली की 'राजेसाहेब' म्हणायची आणि तेही कंबरेत वाकून तिला मुजरा करायचे.

अंगणापलीकडची त्यांची कॉटेज भाड्यानं घ्यायला मी आणि माझी बायको स्मिता गेलो, तेव्हा त्यांनी नोकरीबद्दल चकार शब्द विचारला नाही. माझं डोकं निरखत म्हणाले, "केस खरेच काळे आहेत ना?" कारण नंतर कळलं. स्कॉटलंडमधल्या रिवाजाप्रमाणे नव्या वर्षात उंबरा ओलांडणारा पहिला माणूस काळ्या केसांचा पुरुष हवा, त्याच्या हातात कोळसा हवा, म्हणजे वर्ष चांगलं जातं. लाल केसांची बाई आधी आली, तर वर्षाचं काही खरं नाही. आमच्या आसपास सगळे पिंगट, लाल नाहीतर टकले. त्यामुळे माझी नेमणूक झाली. हा मान खरा मध्यरात्रीचा, पण हेमिश लवकर झोपत, म्हणून आमचा मुहूर्त सकाळचा. मी कोळसा घेऊन दार ठोठावायचो, ते किल्ट घालून उघडायचे. पुढे माझे केस पिकायला लागले, तेव्हा स्मिता डिसेंबरअखेर कलप लावून द्यायला लागली. हेमिशना ते कळलं होतं. "लांबून काळे दिसतात, पुरे," म्हणाले.

या खुळापाठीमागचं दुखणं त्यांनी एकदा कोंबड्यांना दाणे टाकता टाकता सांगितलं. एका नववर्षाच्या सकाळी नोरा कोंबड्या सोडायला बाहेर पडली आणि हसत हसत पहिली आत आली. त्याच वर्षी ती गेली. पुढच्या एक जानेवारीला त्यांची एकुलती लेक कर्स्टी, आईसारखीच लाल केसांची, वडील एकटे असतील म्हणून ग्लासगोहून न कळवता येऊन दारात उभी राहिली. हेमिश खिडकीतून म्हणाले, थांब, शेजारच्या पॅटला आधी येऊ दे, त्याचे केस अजून काळे आहेत. पॅटची गाडी सुरू होईना. पोर पावसात भिजत उभी राहिली, मग निघून गेली. पुन्हा आली नाही. "तिलाही काही होईल अशी भीती वाटली रे," हेमिश म्हणाले. "घराण्याची पदवी तिच्याकडे आपोआप जाईल. त्यासाठी तिला माझ्याशी बोलावं लागत नाही."

गेल्या हिवाळ्यात त्यांचं हृदय थकलं. ते हॉस्पिटलातून घरी आल्यावर मी त्यांना न विचारता कर्स्टीला फोन केला. ती फक्त "बघते" म्हणाली. नव्या वर्षाच्या सकाळी मी कोळसा आणि तेव्हा आमच्याकडे आलेली आई रव्याच्या लाडवांचा डबा घेऊन निघालो, तर फाटकाशी टॅक्सी. कर्स्टी उतरली, पण दाराकडे येईना. "तुम्ही आधी जा," ती मला म्हणाली. "मला थांबायची सवय आहे."

मी दार ठोठावलं. हेमिश काठी टेकत आले. त्यांनी मला पाहिलं, माझ्यामागे फाटकात तिला पाहिलं... शेवटी आईला राहवलं नाही.

"काहून हो राजेसाहेब, लेक दारात उभी हाय अन् तुमी कोयशाची वाट पाहून राह्यले?"

"काय म्हणतात त्या?"

मी जरा मवाळ करून सांगितलं. हेमिश माझ्या बाजूनं वाट काढून, घरातल्या सपाता घालूनच गारठलेल्या अंगणात उतरले. फाटकापर्यंत गेले, तिचा हात धरून तिला दारापर्यंत आणलं आणि स्वतः मागे राहून तिला पुढे घातलं. माझ्या कोळशाकडे दोघांनीही पाहिलं नाही. मला इतका आनंद झाला की मी कोळसा खिशात घातला आणि कोट काळा करून घेतला.

कर्स्टी राहिली. बापलेक दिवसभर भांडत. चहा किती उकळायचा इथपासून लेडी मार्गारेटला घरात घ्यावं की नाही इथपर्यंत. आमच्या कॉटेजपर्यंत आवाज यायचा आणि स्मिता खिडकी मुद्दाम उघडी ठेवायची.

अंत्यविधीच्या दिवशी घर माणसांनी, सँडविचनी आणि हशानं भरलं होतं. मी कप विसळत होतो. कर्स्टी शेजारी येऊन हळूच म्हणाली, "त्या दिवशी मी आधी आत आले, म्हणून तर नाही ना...?"

मग मी तिला आदल्या आठवड्यातलं सांगितलं. हेमिश कुंपणाला टेकून उन्हात उभे होते. मला हाक मारून म्हणाले, "तुझ्या आईला कळव, यंदाचं वर्ष मला फार चांगलं गेलं."

"हेमिश, अजून मार्च आहे."

"माहीत आहे," ते म्हणाले. "तरी कळव."