कॅसेट संपली तिथे

गोहलपुरातल्या एका दुकानात भरून घेतलेल्या कॅसेटवर एका विलायती रॉक बँडचं, रेकॉर्डवर कधीच न आलेलं गाणं होतं. कॅसेट संपायची, म्हणून तेही मधेच तुटायचं. आम्ही चौघा मित्रांनी ते आमच्या वाद्यांवर तसंच बसवलं आणि आमच्या खमरियाच्या गणेशोत्सवात वाजवताना आम्ही तिथेच झटक्यात थांबायचो. लोक टाळ्या पिटायचे. पुढे काय असेल, या प्रश्नानं मला मात्र चाळीस वर्षं सतावलं.

परवा त्या बँडच्या म्हाताऱ्यांनी जुनी रेकॉर्डिंग्ज बाहेर काढली. त्यात ते गाणं अख्खं निघालं. चौघे माझ्या घरी ऐकायला बसलो. आमची थांबायची जागा आली, गाणं पुढे गेलं. मांडीवर ठेका धरलेला आमचा ड्रमवाला नेमका तिथेच थांबला आणि चिडून म्हणाला, "झालं ना! आता काहून वाजवून राहिले हे?"